भिंतभर अक्षर

जहाजावरची लांबलचक फेरी संपवून मोरेश्वर थोरल्या बहिणीकडे आला, तेव्हा कुमुदताई भिंतीवर बातम्या वाचत होती. भिंतीवर एकच अक्षर होतं, छताला टेकलेलं. ते सरकलं की पुढचं यायचं.

"कोण आहे?" दारात उभ्या भावाला तिनं विचारलं.

"मी गं, मोरू. ताई, केवढं हे अक्षर!"

"नेहमीएवढंच तर आहे. आता सगळीकडची अक्षरं वाचणाऱ्याच्या डोळ्यांप्रमाणे आपोआप मोठी होतात. वाचायला काही अडतच नाही, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण कशाला जातंय?"

मोरेश्वरच्या आता लक्षात आलं. अक्षर रोज केसभर वाढत गेलं होतं आणि हिला पत्ताच नव्हता.

कुमुदताईनं भिंत चाचपत खुंटीवरची किल्ली काढली. "चल, शाळेची व्हॅन काढते. पोरं थांबली असतील."

"ताई, थांब! तुला रस्ता दिसतो का?"

"न दिसायला काय झालं? पाट्या स्वच्छ वाचते मी."

तो जिना उतरेपर्यंत व्हॅन सुटली होती. तिला येताना बघून चौकातली पाटी फुगत फुगत दुमजली झाली. पाटीखाली दप्तरं घेऊन उभी असलेली पोरं मात्र होती तेवढीच राहिली.