दोघींचे पाय

विभागाची बैठक रंगात आली असताना टिपणीसबाईंच्या पोटरीत गोळा आला. सकाळपासून त्या खुर्चीतून हलल्या नव्हत्या. मनगटावरच्या पट्ट्याकडे एकवार बघून त्या फोन घेऊन बाहेर आल्या.

‘सर्व उत्तम’ असले अहवाल वाचून विद्यापीठ विटलं होतं. म्हणून इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याचं दुखणं आता पट्ट्यातून त्याच्या मार्गदर्शकाच्या अंगात यायचं. पट्टा उलटाही चालायचा, मार्गदर्शकाच्या अंगातलं विद्यार्थ्यालाही जाणवायचं, पण त्याची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

“पूर्वा, हॉटेलात ठीक आहेस ना?”

“मजेत आहे, मॅडम. खूप सांभाळून घेतात सगळे.”

“मग माझे पाय का भरून आलेत गं? बसू देत नाहीत ना?”

पूर्वा हळूच म्हणाली, “रिसेप्शनवर खुर्चीच नसते. पण तक्रार नका ना करू. वाईट शेरा देतील, वर्ष जाईल माझं.”

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांनी चपला काढल्या, फोन मानेत धरला आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या चेपायला घेतल्या.

“अहो मॅडम!” पूर्वा दचकली. “माझे पाय चेपताय तुम्ही? पाप लागेल मला!”

“माझेच चेपतेय. बरं वाटतंय का?”

“हो.” पूर्वाचा आवाज रडवेला झाला.

“मग आता मॅनेजरकडे फोन दे. तक्रार तू कुठं करतेस? पाय माझे दुखताहेत.”