जात्याभोवतीचं पीठ

अल्लीपूरच्या एका रिकाम्या खोलीत नीरज मास्तरांनी गावाचं संग्रहालय मांडलं, तेव्हा ते मनकर्णाबाईंच्या दारी आले होते. "मावशी, एखादी जुनी वस्तू द्या, नाईतर झाडलोटीले दुपारचे दोन घंटे द्या."

मनकर्णाबाईंनी दोन्ही दिलं. थोरल्या जाऊबाई गेल्यापासून घरात बोलायला फक्त भिंती उरल्या होत्या, आणि ते थोरलं जातं काही एकटीला ओढवत नव्हतं. रितं जातं घराबाहेर देत नाहीत, म्हणून त्यात मूठभर ज्वारी टाकून त्यांनी ते धाडलं.

रोज दुपारी संग्रहालयाचं कुलूप उघडलं की जात्याभोवती ताजं पीठ दिसे. त्या झाडून काढत. पण पंधरा दिवस झाले. मूठभर ज्वारी कधीच संपायला हवी होती.

"मास्तर, लेकरांले जातं काऊन फिरवू देता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी कोनालेच नाई देत, मावशी. चाबी तर तुमच्यापाशीच हाय."

त्या दुपारी पीठ हाताला कोमट लागलं.

मनकर्णाबाई जात्यापाशी बसल्या, आपल्या नेहमीच्या बाजूला. खुंटा खालून धरला; वरची पकड जाऊबाईंची असायची. जरासा ओढून पाहिला.

जातं हलकं फिरलं. समोर कुणी बसलेलं असलं की फिरायचं, तेवढं हलकं.

त्यांनी घाबरून मूठ उघडली.

मूठ उघडली, तरी हात खुंट्यावरून निघेना, आणि जातं फिरतच राहिलं.