उठलात की कुलूप

संस्थेच्या सचिवांनी शाळेच्या ऑफिसात अकाउंटंटकाकांच्या टेबलापाशी येऊन पाहिलं, तर खुर्ची रिकामी आणि कॉम्प्युटर सताड उघडा. स्क्रीनवर मागच्या वर्षीच्या सुट्ट्यांचा तक्ता. कीबोर्डच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत पासवर्ड.

सचिवांच्या मागे उभ्या असलेल्या कुलूपताईंनी कपाळाला हात लावला.

हे नाव त्यांना शाळेनंच ठेवलं होतं. शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची सुरक्षा त्यांच्याकडे, आणि "उठलात की कुलूप" हे त्यांचं पालुपद. पाणी प्यायला उठा नाहीतर आळस द्यायला, स्क्रीन लॉक केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. मग एका सकाळी कुठल्याशा व्हायरसनं मोठ्या वर्गाचे सगळे गुण गिळले, आणि ताईंनी दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेली प्रत कपाटातून बाहेर आली. मुलांचं वर्ष वाचलं. गणिताच्या बाई ताईंचे हात धरून रडल्या होत्या. काका तर तेव्हापासून शिंक आली तरी आधी स्क्रीन लॉक करत.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. मागच्या महिन्यात सचिवांचा मेल आला: कर्मचाऱ्यांना चांगल्या सवयी लागल्या आहेत, चुका थांबल्या आहेत, तेव्हा आपलं पद पुढे ठेवण्याची गरज दिसत नाही, एकदा शाळेत फेरी मारून निर्णय पक्का करतो. ताई मेल वाचत होत्या तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप भरलाय. त्या तशाच धावल्या. नवऱ्याची नोकरी आधीच सुटलेली, घर चालत होतं ते ह्या एका पगारावर. शाळेत त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर.

निदान शाबासकी घेऊन निघावं एवढीच आशा उरली होती. आता तीही गेली.

"हे कोणाचं?" सचिवांनी विचारलं.

"माझं," काका दारातून म्हणाले. "पासवर्ड लक्षात राहत नाही हो. वय झालं."

ज्या माणसाला जुन्या पावत्यांचे नंबर तोंडपाठ, तो हे म्हणत होता. ताईंनी डोळे वटारले. काका चष्मा पुसत बसले.

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई फोन पुढे करून आल्या. "बरं झालं आलात साहेब. मला गाडी लागलीय बक्षीस. नुसतं ह्या लिंकवर बोट ठेवायचंय."

"ठेवू नका," ताई आणि सचिव एकदमच म्हणाले.

"बघायला काय जातंय?"

प्रयोगशाळेत विज्ञानाचे सर वाटेत सापडलेला पेनड्राइव्ह मशीनला लावायला निघाले होते. कोणाचा आहे ते बघून परत करावा म्हणे. ताईंनी तो हातातून काढून घेतला. इतक्या दिवसांची मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

ऑफिसात परत आल्यावर सचिव घटाघटा पाणी प्यायले.

"मॅडम, मी तुम्हाला काय लिहिलं होतं?"

"गरज उरली नाही, असं."

"चूक झाली माझी. तुम्ही सोबत होतात म्हणून आज निभावलं. तुम्ही गेलात तर ही मंडळी आठवडाभरात शाळा फुंकून मोकळी होतील. पद राहील, आणि कायमचं राहील. पत्र उद्या पाठवतो."

ताईंनी हात जोडले. "आभारी आहे," एवढंच जमलं. मनातल्या मनात त्यांनी देवाचे आभार मानले, सचिवांचे मानले, आणि आपल्या वेंधळ्या मंडळींचेही मानले. त्यांच्या गबाळेपणानं आज लेकीचं दूध-औषध चालू राहणार होतं.

सचिवांची गाडी गेली तशा त्या डोळे पुसून काकांच्या टेबलाशी आल्या. उपकार झाले म्हणून काम थोडंच सोडायचं?

"सरका काका. आधी हा पासवर्ड बदलते."

मशीन एव्हाना लॉक झालेलं होतं. ताईंनी चिठ्ठीवरची अक्षरं टाइप केली. मशीननं नाकारली. जपून पुन्हा टाइप केली. पुन्हा नकार.

"हा चालत नाहीये."

"चालेल कसा? आम्ही काल बसून मनानंच रचलाय तो."

"आम्ही म्हणजे?"

दारात गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर येऊन उभे राहिले होते. दोघांनीही माना खाली घातल्या.

"लेकीला ताप आला म्हणून तुम्ही धावत गेलात ना ताई," काका हळूच म्हणाले, "तेव्हा तुमचा स्क्रीन उघडाच राहिला होता."