वरची पट्टी

जेवण झालं की ताई दोन डबे धुवायला न्यायच्या. एक स्वतःचा आणि एक शेजारच्या टेबलावरच्या धाकटीचा. ऑफिसचं सगळं काम तिला ताईंनीच बोट धरून शिकवलं होतं. परत येऊन बघतात, तर एक्सेलमधली टूलबारची पट्टी पुन्हा गायब!

"अगं, सकाळी पिन करून पक्की केली होती गं मी!"

धाकटी हसत उठायची, एका क्लिकमध्ये पट्टी आणून द्यायची. "ताई, तुमचंच बोट लागतं कुठेतरी," हे मात्र केबिनमधल्या साहेबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बढतीच्या वेळी साहेब म्हणाले, "राग मानू नका ताई, पण तुम्हाला साधी पट्टी जागेवर ठेवता येत नाही, अख्खा विभाग कसा सोपवू?"

जागा धाकटीला मिळाली. ताईंनी "माझ्याच हाताखाली तयार झालीय पोरगी," असं चारचौघांत कौतुकही केलं आणि तिचं सामान वरच्या मजल्यावर पोचवून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकच डबा धुऊन परतल्या. सवयीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हाक मारणार, तोच लक्ष स्क्रीनवर गेलं.



पट्टी जागच्या जागी होती.