प्रार्थनेतलं नाव

चिठ्ठीवर अकरा वाक्यं होती, त्यांपैकी चार शास्त्रवचनं. दाविदनानांची समजूत घालायला निघालेल्या चर्चच्या तरुण पाळकाने वाटेत ती दोनदा म्हणून पाहिली. नाना दर रविवारी उपासनेत सहा वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोसाठी प्रार्थना करत, "प्रभू, माझ्या सगुणाला सांभाळ." गेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत, असं म्हणून पाळकाने एका रविवारी भर मंडळीत त्यांना टोकलं होतं. त्यानंतरचे तीन रविवार नाना उपासनेला आले, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

नाना अंगणात चिंचा फोडत बसले होते. वर कडुनिंब फुलला होता. त्याची फुलं इतकी हळू खाली उतरत होती, की दुपार जागच्या जागी तरंगतेय असं वाटावं.

"सलाम, नाना."

"सलाम, पाळकसाहेब. आता अंगणातही चूक काढायला आलात?"

पाळकाने चिठ्ठी उघडली. तिच्यावर दोन फुलं पडली. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग चिठ्ठी फुलांसकट मिटून त्याने खिशात ठेवली.

"नाना, माझी आई जाऊन चार वर्षं झाली. प्रार्थनेत अजून तिचं नाव ओठांवर येतं. मी गिळून टाकतो. तुम्ही गिळत नव्हता, त्याचाच मला राग आला असावा."

नानांचा हात थांबला. "नाव काय आईचं?"

"रत्नमाला."

"बसा," नाना म्हणाले आणि त्यांनी चिंचांची पाटी त्याच्याकडे सरकवली.

पुढच्या रविवारी नानांनी उभं राहून साडेचार मिनिटं प्रार्थना केली. तिच्यात दोघींची नावं होती.