शिळं पाणी

नळ आठ दिवसांनी आला, तेव्हा कस्तुराबाईंनी लातूरच्या रिवाजाप्रमाणे घरातलं सगळं शिळं पाणी ओतून दिलं. सुनेनं माशांसाठी मांडलेल्या काचेच्या टाकीतलंसुद्धा, आणि वर कौतुकानं ताजं भरलं. दुपारी सून नांदेडहून दोन कॅटफिश घेऊन आली. टाकीला ब्लिचिंगचा वास. “आई, ब्लिचिंग उडावं म्हणून चार दिवस मुरवलेलं पाणी होतं ते! ह्यात मरतील हो मासे.” पिशवीतला एक आडवा होऊन तोंड उघडत होता. कस्तुराबाई बादली घेऊन गल्लीभर फिरल्या. सगळ्यांनीच सकाळी ओतलेलं. उरलं शेजारच्या सौदामिनीबाईंचं घर, आणि त्यांच्याशी तर वर्षभर अबोला. “सुनेच्या माशांसाठी शिळं पाणी हाय का वो?” “आहे की. तुमच्या नळाला लावलेल्या मोटरनं सगळं ओढलं, आमच्या नळाला थेंब नाही आला. मग शिळं कशाला ओतू?” म्हणत त्यांनी घरातली शेवटची भरलेली बादली पुढं केली. कस्तुराबाईंचा हात बादलीच्या कडीपर्यंत जाईना.