पाटावरचे टॅपेट

आठवडाभर उघडं पडलेलं टॅक्सीचं इंजिन आज जोडायचंच म्हणून नाथा आंबलेल्या अंगाने कोपरीतल्या घराच्या अंगणात आला. इंजिनाच्या झडपा ढकलणारे आठही टॅपेट त्याने अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवलेले. जुना टॅपेट ज्या जागी झिजला, तिथेच परत बसवावा लागतो. ट्रे रिकामा होता. खंडेनवमी म्हणून बायकोने, शेवंतीने, टॅपेट रॉकेलने धुऊन, हळदकुंकू लावून, पान्यांशेजारी पाटावर पूजेला मांडले होते. ओरडायचंही त्राण नव्हतं. पाट तिरका करून त्याने सगळं एकदम बादलीत ओतलं आणि तो पायरीवर मटकन बसला. शेवंती प्रसाद घेऊन दारातच थबकली. "अवो, हे काय केलंत?" "तू केलंस तेच. आता कुठला कुठे बसवू?" "देवांचे टाक उजळल्यावर ज्याच्या त्याच्या जागीच ठेवते ना मी?" बादलीत बघत ती हळूच म्हणाली. "हेही एकेक धुऊन तुमच्याच ओळीने मांडलेले."